सतरा नंबरचं चित्र

३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, आणि त्यातल्या दोन हवेबद्दल. आई असती तर तिने ते तसंच परत पाठवलं असतं. पंधरा दिवसांतून एकदा, निदान पानभर, हा तिने घालून दिलेला नियम आपण ती गेल्यावरही मोडलेला नाही. मामेबहीण-आतेभाऊ फोनवर बोलले की तिसऱ्या वाक्याला भांडतात, हे ती ओळखून होती. तेव्हा पुढच्या वेळी पान भर.

तू विचारलंयस, 'शिडांची शिंपीण' बघतोस का आणि सातवा भाग कसा वाटला. बघतोस का काय विचारतेस? माझं त्यावर सदर चालू आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा घासायच्या आणि घरी आलं की अ‍ॅनिमेचे भाग घासायला घ्यायचे, दुसरं काय करतो मी? सदराचं नावच 'भिंगाखाली'. आमच्या चाहत्यांच्या मंडळात आता मला खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही, सगळे भिंगच म्हणतात. तुमच्या स्टुडिओत कुठल्या मालिकांचं काम येतं ते तू कधी सांगत नाहीस, करार आहे म्हणतेस, म्हणून मी विचारत नाही. पण चित्रातलं तुला कळतं, म्हणून तुलाच हे सांगण्यात मजा आहे.

पहिले सहा भाग मी डोक्यावर घेऊन नाचलो होतो. बंदरावर जहाजांची शिडं शिवणारी बाई, तिचं ते अंधारं दुकान, आणि कापड. त्या कापडाला वजन होतं. अ‍ॅनिमेत वजन दाखवणं सगळ्यात कठीण. माणूस चालला तर पाय जमिनीला टेकल्यासारखा वाटला पाहिजे, नाहीतर तो नुसता सरकतो. हे सगळं लोकांना मी शिकवलं. त्याआधी मंडळातली मंडळी केस किती चमकतात यावरून मालिका चांगली की वाईट ते ठरवायची.

आणि सातव्या भागात माती खाल्ली. शिंपीण मशीनवर बसलेली, मागे पोर स्टुलावर चढतं, स्टूल कलंडतं, ती वळते आणि पोराला धरते. दोन सेकंदांचं दृश्य. बघताना काहीतरी खटकलं, म्हणून थांबवलं आणि एकेक चित्र पुढे नेत बघितलं. चोवीस चित्रं आहेत. सतरावं बघितलं आणि मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. बाईला तीन हात! चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा लांब, एक डोळा पार कानापाशी, आणि ओठांतून दात बाहेर आलेले, तेही सुयांसारखे. पाट्या टाकायची काही हद्द असते की नाही?

मी ते चित्र उचलून मंडळाच्या पानावर टाकलं. खाली लिहिलं, 'तीन हातांची हडळ. हे काढणाऱ्याच्या हातातून कुणीतरी पेन्सिल काढून घ्या.' दोन दिवसांत साठ हजार लोकांनी पाहिलं. कुणीतरी ते चहाच्या मगवर छापून विकायला काढलंय. लोक आता मालिका काढणाऱ्या मूळ कंपनीच्या हात धुवून मागे लागलेत.

आणि हे माझं एकट्याचं मत नाही. बाबांना अ‍ॅनिमेतलं ओ की ठो कळत नाही. ते शेजारी जेवत होते आणि मी ते दृश्य पुन्हा पुन्हा लावत होतो. तिसऱ्या वेळेला ते ताटावरून उठले आणि अर्धं जेवण टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाबांनी अन्न टाकलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, यावरून काय ते समज.

तुझा,
भिंग


१२ मार्च

भिंग्या,

हे घे पानभर.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काही प्रश्न आहेत, त्यांची सरळ उत्तरं दे, भाषण नको. थांबवण्याआधी ते दृश्य तू त्याच्या वेगाने किती वेळा पाहिलंस? खटकलं म्हणतोस, म्हणजे नक्की काय झालं? वाईट वाटलं, की दचकलास? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हात जोरात फिरला की डोळ्याला हात दिसत नाही, नुसता पट्टा दिसतो. म्हणून अशा हालचालीत मधली एक-दोन चित्रं मुद्दाम लांबट, ओढलेली काढतात. ती निघून जाण्यासाठी असतात, बघत बसण्यासाठी नसतात. हे तुला माहीत असणार. सदर चालवतोस म्हणजे माहीत असायलाच हवं.

ते चित्र काढणाऱ्याबद्दल तू जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. पेन्सिल काढून घ्या म्हणजे काय? तो जो कोणी असेल त्याला त्या पेन्सिलीशिवाय दुसरं काही येत नसेल. साठ हजार लोकांना त्याच्या अंगावर सोडताना तुला क्षणभर तरी तो माणूस डोळ्यांसमोर आला का?

काकांचं मला नीट सांग. ते उठून गेले, एवढंच? काही बोलले नाहीत? गॅलरीत किती वेळ होते? तू मागे जाऊन विचारलंस का? आत्याच्या जाण्यानंतर ते तसेही कमी बोलतात, पण तू एकाच घरात राहतोस, तुला कळायला हवं.

इथे वातावरण बरं नाही. आमच्या मुख्य बाई आठवडाभर दार लावून बैठका घेतायत आणि बाहेर आल्या की कुणाकडे बघत नाहीत. माझं टेबल त्यांच्या दाराच्या अगदी समोर आहे, त्यामुळे सगळं दिसतं. पान संपलं.

ताई


१८ मार्च

ताई,

जिंकलो! मूळ कंपनीने काल जाहीर माफी मागितली. 'सातव्या भागातील चित्रांचा दर्जा प्रेक्षकांच्या अपेक्षेस उतरला नाही', अशी सुरुवात आहे. ते दोन सेकंद नव्याने काढून घेणार आणि महिनाअखेर सगळीकडे जुन्याच्या जागी नवं बसवणार. एका चष्मेवाल्याने हे करून दाखवलं. मंडळात मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलंय.

आता तुझे प्रश्न. वेगाने एकदाच पाहिलं. एकदा पुरे होतं. त्यानंतर थांबवून चाळीसेक वेळा. दचकलो की वाईट वाटलं, याचा हिशोब मी ठेवत नाही. आणि ओढलेली चित्रं मला शिकवू नकोस. ओढलेल्या चित्रात एकच हात लांब होतो. इथे तिसरा हात वेगळा आहे, कोपरापाशी लोंबतोय, त्याला बोटं नाहीत पण मनगटाशी चक्क पट्टी आहे. याला कला म्हणायचं असेल तर तू म्हण.

काढणाऱ्याला घरदार असेल, कबूल. मलाही आहे. मी एखाद्याला चुकीच्या नंबरची काच बसवून दिली आणि तो जिन्यावरून पडला, तर तो माझं घरदार बघत बसेल का? दुकानात येऊन माझी गचांडी धरेल, आणि बरोबरच करेल. तू नेहमी काम करणाऱ्यांची बाजू घेतेस कारण तू त्यांच्यातली आहेस. पण बघणाऱ्यालाही काही हक्क आहे की नाही?

बाबा काही बोलले नाहीत. काय बोलणार? गॅलरीत किती वेळ होते ते मी घड्याळ लावून पाहिलं नाही. मी आत होतो, मजकूर लिहीत होतो.

तुमच्या मुख्य बाईंना म्हणावं, दार उघडा, हवा येऊ द्या. तुला काय झालंय? एवढी कुरकुर तू कधी करत नाहीस.

भिंग


२५ मार्च

समीक्षक महोदय,

ते चित्र मी काढलं.

बस, वाच हे नीट, आणि थांबवून थांबवून वाच, तुला तेवढं येतं.

अकरा वर्षं मी मधली चित्रं काढतेय. दुसऱ्या कुणीतरी मुख्य चित्रं काढायची, हात खाली आहे ते एक, हात वर गेला ते दुसरं, आणि त्या दोघांच्या मधली आम्ही काढायची. हालचाल ठरवणारे ते, आम्ही फक्त भरणारे. अकरा वर्षांनी मुख्य बाईंनी मला पहिल्यांदा एक दृश्य पूर्ण दिलं. दिलं म्हणजे मी मागून घेतलं. कागदावर एकच ओळ होती: शिंपीण मशीनवरून वळते, पडणाऱ्या पोराला धरते. ती ओळ वाचली आणि मला विचार करायची गरजच पडली नाही. हे मी पाहिलेलं होतं.

तू पाच वर्षांचा होतास. मी बारा, त्या वर्षी तुमच्याकडे राहायला होते. आत्या तुझा शाळेचा शर्ट शिवत होती. एक बाही लागली होती, दुसरी नुसती टाचलेली. ओठांत टाचण्या धरलेल्या, तिची सवयच ती. तू रिळांचा डबा काढायला तिच्या पाठीमागे स्टुलावर चढलास. तिने पाहिलं नाही, तिने स्टुलाचा आवाज ऐकला. आणि वळली. आधी डोळे, मग मान, मग खांदे, आणि पाय सगळ्यात शेवटी, कारण पाय मशीनच्या पायडलवर होता. शर्ट सुईखाली अडकलेला, म्हणून तो तिच्याबरोबर ओढला गेला आणि ती टाचलेली बाही तिच्या कोपराच्या मागून फडकली.

तो तुझा तिसरा हात. मनगटाशी पट्टी आहे म्हणतोस ना, ती तुझ्या शाळेच्या शर्टाची पट्टी आहे, मूर्खा. आणि ते दात म्हणजे टाचण्या. पाच आहेत, मोज. तुला मोजायची हौस आहे.

पाच आठवडे लागले मला त्या दोन सेकंदांना. दोनशे कागद फाडले. मुख्य बाईंनी पानं चिमटीत धरून चाळली, एकदा, दोनदा, आणि म्हणाल्या, "ही बाई खरी आहे, कोण आहे?" मी म्हटलं, माझी आत्या. त्या म्हणाल्या, पुढच्या मालिकेत तुला अर्धा भाग देते. त्या दिवशी मी घरी चालत आले, मला बसमध्ये बसवेना.

तुला मी मुद्दाम सांगितलं नाही. भाग दाखवला जाईपर्यंत करार होता, आणि नंतर म्हटलं, सांगायचं कशाला, तो ओळखेल. सगळ्या जगात हे ओळखू शकणारी माणसं दोनच, तू आणि काका. म्हणून ते चार ओळींचं पत्र. चार ओळींच्या वर लिहिलं असतं तर माझ्याच्याने राहवलं नसतं.

माझं नाव शेवटच्या नामावलीत होतं. पूर्ण नाव, आडनावासकट. तू सगळं थांबवून बघतोस, नावं कधी थांबवून बघितलीस? नसणारच. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ना.

तू आत्याला हडळ म्हणालास. साठ हजार लोकांसमोर. लोक तिला मगवर छापून तिच्यातून चहा पितायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय आणि ती कुठे काढू ते मला कळत नाही, कारण ज्याच्यावर काढायची त्याला मीच लहानपणी कडेवर घेऊन फिरलेय.


३० मार्च

ताई,

तू खाली नावसुद्धा लिहिलं नाहीस. ठीक आहे.

मला वाईट वाटलं हे पहिल्यांदा लिहून टाकतो, म्हणजे ते राहून गेलं असं होणार नाही. पण तुझ्या पत्राने मला रागही आलाय, आणि तोही लिहिणार.

तू माझी परीक्षा घेतलीस. विषय सांगितला नाहीस, पेपर हातात दिलास, आणि आता नापास म्हणून कानफटात मारतेस. बाराव्या वर्षी तू बाजूला बसून सगळं बघत होतीस. मी पडत होतो. पडणाऱ्याला धरणाऱ्याचा चेहरा कुठून दिसणार? मला फक्त जमीन दिसली असेल. मला तो दिवसच आठवत नाही. तुला माझी आई माझ्यापेक्षा जास्त आठवते, हे तू मला पत्रात लिहून कळवतेस आणि वर मूर्ख म्हणतेस.

शिवाय ती माझी आई होती. तिला घेऊन कुठल्याशा मालिकेत बसवायच्या आधी तू मला विचारलंस? बाबांना विचारलंस? करार कंपनीशी होता, घरच्यांशी काहीच नव्हता वाटतं.

आणि शेवटचं. तू काढलंस म्हणून ते चांगलं, असं मी म्हणणार नाही. उद्या तू दुकानात आलीस तर तुझ्या काचेचा नंबर मी तू सांगशील तो लावत नाही, तपासून लावतो. मला जे दिसलं ते मी लिहिलं. नंबर सतरा वाईटच आहे. ते दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, तेव्हा मला ते पाहा म्हणून सांगू नकोस.

नवीन दृश्य आलं की सगळे विसरतील. तू पण विसर.

भिंग


६ एप्रिल

नवीन दृश्य आलं.

दारासारखी वळते. डोळे, मान, खांदे, हात, सगळं एकदम, एका बिजागरीवर. मशीनवर पाय नाही, ओठांत टाचण्या नाहीत, शर्टच नाही. तुझं मंडळ खूश आहे. 'भिंगाचा विजय' असं कुणीतरी लिहिलंय, ते मी वाचलं.

जुनं सगळीकडून काढलं. स्टुडिओतले कागद आणि फायली मूळ कंपनीच्या मालकीच्या, त्या त्यांनी मागवून घेतल्या. आम्हाला घरी एक चिटोरंही नेता येत नाही. नामावलीतून माझं नाव गेलं. अर्धा भागही गेला. मुख्य बाई म्हणाल्या, माझा इलाज नाही, आणि त्यांचा खरंच नसेल. मी पुन्हा मधल्या चित्रांच्या रांगेत, खिडकीपासून तिसरं टेबल. त्या रांगेची मला लाज नाही. पण तिथून उठून गेलेली बाई परत आली की रांगेतल्या पोरी मान खाली घालतात, ते सहन होत नाही.

तुझी आई, तुझी आई लिहिलंस. बरोबर आहे, तुझीच. मग सांभाळायची होतीस. माझ्याकडे तिचे दोन सेकंद होते, ते तू घालवलेस.

मला पत्र पाठवू नकोस.


२९ एप्रिल

ताई,

पाठवू नकोस म्हणाली होतीस. तेवीस दिवस ऐकलं.

नवीन दृश्य मी पाहिलं. पाहणार नाही म्हणालो होतो ते जुन्याबद्दल, असं स्वतःला समजावलं. चोवीसही चित्रं थांबवून पाहिली आणि खोटं कशाला बोलू, एकात चूक सापडली नाही. प्रत्येक चित्र चौकटीत लावावं असं. मग चालवून पाहिलं. पोर पडतं, ती वळते, धरते, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. तेव्हा मला तुझा पहिला प्रश्न आठवला. जुन्याच्या वेळी मी दचकलो होतो. माझा हात पुढे गेला होता, टेबलाची कड धरायला. हे मी तुला लिहिलं नाही, कारण मला ते खटकणं वाटलं. सात वर्षं मी लोकांना वजन वजन शिकवतोय आणि ते माझ्या अंगावर पडलं तेव्हा मला कळलं नाही.

खरं तुला सांगायचंय ते पुढे आहे. मंडळाने मला भेट म्हणून तो मग पाठवला. मी दुकानात असताना बाबांनी खोकं उघडलं. संध्याकाळी घरी आलो तर ते ओट्यापाशी उभे राहून मग धुवत होते. धुऊन, पुसून, त्यांनी तो आईच्या मशीनवर ठेवला, चित्र खोलीकडे करून. मला वाटलं त्यांना मग आवडला. मी म्हटलं, बाबा, त्यातून चहा प्यायचा असतो. ते म्हणाले, "हिच्यातून?"

मी तिथेच खाली बसलो. मग विचारलं, त्या दिवशी तुम्ही ताटावरून का उठलात?

"ती पुन्हा पुन्हा वळत होती," ते म्हणाले, "आणि तू हसत होतास."

एवढंच. रागावून नाही, पाण्याचा ग्लास कुठे ठेवला ते सांगावं तसं. त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. त्यांना वाटलं मलाही कळलंय आणि कळूनही मी हसतोय. दोन महिने ते हे मनात धरून माझ्यासोबत एका टेबलावर जेवत होते. मी कसला भिंग आणि कसलं काय, मला स्वतःच्या घरातलं दिसत नाही.

जुनं दृश्य शोधायला लागलो. ज्यांनी उतरवून घेतलं होतं त्यांनी सुधारित आल्यावर जुनं पुसलं. मंडळात विचारलं तर सगळ्यांकडे आहे ते फक्त माझं सतरा नंबरचं चित्र. मी चुकलो, दृश्य उत्तम होतं, असं सविस्तर सदर लिहिलं. ते चौदा लोकांनी पाहिलं. कंपनीला लिहिलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं.

मग माझ्याच संगणकात शोधलं. चोवीसही मी तेव्हा उतरवली होती. पण ठेवली फक्त नऊ. जिथे बोट ठेवायला जागा होती ती ठेवली, पुढेमागे सदराला कामाला येतील म्हणून. उरलेली पंधरा ठीकठाक होती, म्हणून पुसली. मी चांगलं तेवढं पुसून टाकलं आणि वाईट जपून ठेवलं.

ती नऊ छापून सोबत पाठवतोय, नंबर मागे लिहिलेत. चाळून पाहिली, पण ती चालत नाहीत. आई उड्या मारत जाते, मधे मधे नसतेच. मला काय करावं ते कळत नाही. तू फाडून टाकलीस तरी माझं काही म्हणणं नाही.

टाचण्या मोजल्या. पाच आहेत.

भिंग


३० मे

भिंग्या,

राग गेला म्हणून लिहीत नाहीये. गेलेला नाही, आणि लवकर जाईल असं दिसत नाही. खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर तो रोज माझ्याबरोबर बसतो. तुझ्या वाईट वाटण्याने माझं नाव नामावलीत परत येत नाही, तेव्हा त्याचं प्रदर्शन यापुढे नको.

काकांचं वाचलं आणि मी कामावर गेले नाही त्या दिवशी. ताप आलाय असं कळवलं. त्यांना एवढंच सांग की एका नजरेत ओळखलं, हे मला पोहोचलं. स्टुडिओत, कंपनीत, तुझ्या त्या मंडळात कुणी काहीही म्हणो, मला हवा होता तो निकाल लागला.

आता तुझी नऊ चित्रं. ती कुठली नऊ आहेत ते तुला कळलेलं दिसत नाही. सहा मुख्य आहेत आणि तीन ओढलेली. ज्याच्यावर तू बोट ठेवलंस, नेमकी त्याच्यावरच ती सबंध हालचाल उभी होती. वाईट काय ते हुडकायला बसलास आणि महत्त्वाचं तेवढं अचूक वेचलंस. एवढी नजर असून माणसाने इतकं आंधळं कसं असावं, हे मला खरंच कळत नाही.

तू पुसलीस ती पंधरा मधली होती. आणि मधली चित्रं काढणं हे माझं अकरा वर्षांचं काम आहे.

चार रविवार बसले. तुझी नऊ काचेच्या टेबलावर ठेवून त्यांच्यावरून नव्याने काढली आणि त्यांच्यामधली पंधरा भरली. कंपनीचा कागद नाही, कंपनीची पेन्सिल नाही, सगळं माझं. मालिकेतल्या बाईचा चेहराही ठेवला नाही. आता तो आत्याचाच आहे, कपाळावरच्या व्रणासकट. हे विकायचं नाही, छापायचं नाही, तुझ्या पानावर टाकायचं नाही. टाकलंस तर मी तिथे येईन आणि काकांच्या देखत तुझा कान धरीन.

गठ्ठा डाव्या बाजूने शिवलाय. मशीनवर नाही, हाताने, कागद जाड आहे म्हणून. चोवीस पानं आहेत आणि पंचविसाव्यावर नावं आहेत, काढणारीचं आणि जिचं आहे तिचं. तिथपर्यंत जायचं. नामावली सोडून उठायचं नाही, हे आता तुला आयुष्यभरासाठी सांगून ठेवते.

आधी काकांच्या हातात दे. त्यांचं बघून झाल्यावर, त्यांनी दिला तर तू घे. डाव्या हाताने शिवण घट्ट धर आणि उजव्या अंगठ्याने पानं सोड. घाई करू नकोस, अंगठा आपोआप वेग धरतो. दोन सेकंदांत संपेल. सतरावं पान त्याच्या जागेवर आहे, पण तुला ते दिसणार नाही. तुला ती वळलेली दिसेल.

पुन्हा बघावंसं वाटलं तर पहिल्या पानापासून बघ. मधे थांबायचं नाही.

ताई